मरळीची अंडी

त्या दिवशी बाबा तळ्यावरून लवकर परतले. सीताबर्डीची बस गाठायची म्हणून मी घाईनं वेणी घालत होते. त्यांनी माझ्यापुढे कडीचा डबा ठेवला. आत तळ्याचं पाणी, मूठभर गवत आणि गवताला धरून तरंगणारी मोहरीएवढी पिवळी अंडी.

"मरळीची हायेत. साहेबाले दाखव," बाबा म्हणाले. "तळ्यातलं गवत काढलं तं मासोळी अंडी कुठं घालन?"

आई चुलीपाशी हसली. "हापिसात मासोळी धाडून राहिले! साहेब डब्बा खाऊन टाकन."

मी मत्स्यखात्यात टंकलेखिका होते. हुडकेश्वरजवळचं आमचं तळं साफ करून त्यात रोहू-कतला सोडायचा आदेश मीच टाइप केला होता. पिढ्यान्‌पिढ्या त्यात मासे धरणाऱ्या आम्हा धिवरांना कुणी विचारलं नव्हतं. मरळीची लाल पिलं घोळक्यानं वर आली की आईबाप त्यांची राखण करतात. तेव्हा आमचा माणूस जाळं खांद्यावर टाकून माघारी फिरतो, घरी कोरड्यास नसलं तरी.

बसमध्ये पाणी हिंदकळलं. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. कचेरीबाहेरच्या नळावर मी डबा ओतला आणि तीनदा विसळला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "साहेबानं पाह्यलं?"

"पाहिलं. विचार करतो म्हणाले."

"पाह्यलं ना? मग झालं."

त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. दुसऱ्या सकाळी तळ्याच्या पाळीवर छातीत कळ येऊन ते गेले.

गवत काढलं गेलं. दोन वर्षं रोहू बरा मिळाला, मग तोही घटला. मरळ दिसलीच नाही.

नऊ वर्षांनी नवे साहेब आले. म्हाताऱ्या धिवरांना विचारून तळं सुधारायचं, म्हणाले. टिपणं घ्यायला मी सोबत गेले. बाबांबरोबर जाळं ओढणारे बापूजी काठीनं दाखवत होते, "इथं गवत लावा. दोन पावसाळे जाळं नको."

मग ते थांबले. "हिच्या बापानं, नत्थूजीनं, डब्यात अंडी धाडली होती, साहेब. तुमच्या आधीच्या साहेबानं डोळ्यानं पाह्यली, तरी गवत काढलं. कागदाची माणसं!"

नवे साहेब ओशाळले. मला हळूच म्हणाले, "हे लिहू नका."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"बापूजी, त्या साहेबानं पाह्यलंच नाही. अंडी मी नळावर ओतली. मले वासाची लाज वाटली."