बैल शिंकेपर्यंत

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत हरिदासला कुणी खोटारडा म्हणत नसे. फक्त त्याचं खरं कुणी धरत नसे. ऑफिसात तीस वर्षं त्याने फायलीतलं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं. त्याची सगळी कसर तो घरी आल्यावर भरून काढी. वैभवी शाळेत धावण्यात तिसरी आली, तेव्हा त्याने कॉलनीभर सांगितलं होतं की पोरगी अशी सुटली, अशी सुटली, की डिअर पार्कातली हरणं शरमेने दोन दिवस चरली नाहीत. बायकोने, शेवंताने, तेव्हाच लेकीला नियम घालून दिला : "बाबांच्या बोलण्यातलं निम्मं सोडायचं. उरेल त्यातलं परत निम्मं."

नियम चोख होता. पण त्यात एक गोम होती, आणि ती हरिदासच्या ध्यानात आली तेव्हा पोरगी सव्वीस वर्षांची झाली होती.

जानेवारीतला रविवार. शेवंता भावाकडे पुण्याला गेलेली. बापलेकीने आठवडा खिचडीवर काढला होता. हरिदास केस कापून परतला आणि जिन्यातच थबकला. वास! त्याचं नाक दुसऱ्या मजल्यावर घरात पोचलं तेव्हा बाकीचा हरिदास अजून तळमजल्यावरच होता.

"शेंगोळे?" त्याने दारातूनच विचारलं.

"आधी हात धुवा," आतून वैभवी म्हणाली.

"अगं, पण दिल्लीत शेंगोळ्यांना हुलगे कुठे मिळाले तुला?"

"वरच्या नेगीआंटींकडे. त्यांच्या पहाडात गहत म्हणतात, थंडीत रोज खातात. मुनिरक्याच्या चक्कीवर दळून आणले. चक्कीवाला विचारत होता, घोडा पाळलाय का."

"आणि शिकवले कुणी? तुझ्या आईला तर येत नाहीत."

"तुम्हीच की!"

हरिदासला चहासुद्धा उतू न घालवता करता येत नव्हता. वैभवीने फोन पुढे केला. आजीच्या शेंगोळ्यांची गोष्ट म्हणजे हरिदासच्या पोतडीतला ऐवज. दर हिवाळ्यात तिला नवी पालवी फुटे. पोरीने ती गोष्ट जशीच्या तशी कृती म्हणून लिहून काढली होती. करमाळ्याकडच्या त्यांच्या गावी आजी लाल मिरच्या आणि लसूण कुटायला बसली, की तीन गल्ल्या पलीकडचा पाटलाचा बैल शिंकेपर्यंत हात थांबवायची नाही. आणि शेंगोळा कसा वळायची? अंगठीतून आरपार जाईल असा!

"बैल नव्हता," वैभवी म्हणाली. "नेगीअंकलवर भागवलं. बाल्कनीचं दार उघडं ठेवून मी कुटत बसले. पाऊण तास लागला बाबा! मग अंकल शिंकले, सलग तीनदा."

"आणि अंगठी?"

तिने बोट पुढे केलं. अंगठीच्या नक्षीत पीठ वाळलं होतं. "एकेक ओवून काढलाय. मोडले किती ते विचारू नका."

हरिदास ताटावर बसला. वाफाळता रस्सा, त्यात बोटाहून बारीक शेंगोळे, वरून कच्च्या तेलाची धार, बाजूला कांदा. पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे मिटले. लसूण जिभेवर आला, मागून मिरची आली, आणि हुलग्याचा तो मातकट खमंगपणा थेट टाळूला जाऊन बसला.

"वैभवी, अप्रतिम! असं मी जन्मात..."

"निम्मं सोडू ना, बाबा?" ती हसून म्हणाली. पण हात पदराला पुसावा तसा ओढणीला पुसत ती तिथेच उभी राहिली.

"देवाशपथ!"

"हरणांच्या वेळीही देवाशपथच होती."

आणि तिथे हरिदासला ती गोम कळली. पोरीला आयुष्यभर हरणं दिली, बैल दिले. 'छान झालंय' हे दोन साधे शब्द तिला खरे वाटतील अशी सोयच ठेवली नाही. आता पटवायचं कसं? त्याने चमचा खाली ठेवला. एकच वाट होती, आणि ती त्याच्या सगळ्यात लाडक्या गोष्टीवरून जात होती.

"माझ्या आईचे शेंगोळे चांगले नसायचे," तो म्हणाला.

"काय?"

"जाडजूड. मधून कच्चे. वडील ते गोफणीत घालून पाखरं..." वैभवीने भुवई उंचावली. "बरं, गोफण खोटी. कच्चे असायचे ते खरं. तिला उजाडायच्या आत आठ जणांचं करून शेतावर पळायचं असायचं. कुटणार कधी आणि वळणार कधी?"

"आणि बैल?"

"पाटलाकडे ट्रॅक्टर होता."

वैभवी खुर्ची ओढून मटकन बसली. "मग एवढी वर्षं ते सगळं?"

"ती गेल्यावर मी गोष्टीतच नीट शिजवून घेतले गं. मी सांगायचो तसे शेंगोळे मी कधी खाल्लेच नव्हते. आज खाल्ले."

यातलं निम्मं सोडायचं म्हटलं तरी कुठलं सोडणार? तिने पातेलं उचललं आणि न विचारता त्याच्या ताटात आणखी दोन पळ्या वाढल्या.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. वैभवीने दार उघडलं, तसे लाल नाकाने नेगी थेट ताटापाशी आले. "हरिदासजी, सुबह से क्या कूट रहे हो यार?"

हरिदासच्या जिभेवर नेगींच्या शिंकेने कुतुबमिनार हलल्याची गोष्ट तयार होती. त्याने ती रश्श्याबरोबर गिळली.

"बेटी ने खाना बनाया है. अच्छा बना है."

नेगी वाट पाहत राहिले. पुढे काहीच येईना, तेव्हा त्यांनी काळजीने हरिदासच्या कपाळाला हात लावला. "बस? इतना ही? तबीयत तो ठीक है?"

वैभवी खळखळून हसली. नेगींना बसवून तिने त्यांच्यासाठी वाटी भरली आणि समोर ठेवता ठेवता म्हणाली, "अंकल, मेरी दादी के गाँव में एक बैल था..."

हरिदासने मान वर केली नाही. तो जेवत राहिला.