यात्रेच्या आधी मरायचं न्हाय

आमच्या गणपाला बर्फ बघायचा हुता. उसाच्या रसाच्या गाड्यावर पोत्यात गुंडाळून ठेवत्यात तसला न्हवं, गंगा जिथनं निघते तिथला. गोमुखाचा. त्येच्या पोरानं, राजवीरनं, कॉलेजात जाऊन त्येला आणखी एक शब्द शिकवला हुता, ग्लेशियर. त्या दिवसापासनं ह्येच्या तोंडात दुसरं काय न्हाय. डेअरीत दूध घालायला गेला तरी ग्लेशियर, दाढी करायला बसला तरी ग्लेशियर. आन् ह्यो बाबा आयुष्यात पन्हाळ्याच्या वर कदी चढलेला न्हाय, त्यो बी जीपनं.

गणपा म्हणजे माझ्या थोरल्या दिराचा ल्योक. कसबा बावड्यात त्येला समदी गणपतराव म्हणत्यात, म्हणू देत. मी त्येचा शेंबूड पुसलाय, मी गणपाच म्हणणार. मी चिमणाबाई, त्येची काकी. मालक गेल्यापासनं ह्याच घरात मागच्या खोलीत असते. माझ्या वाटणीची जमीन गणपा करतो, मला दोन टायमाला भाकरी मिळती, आन् ह्यो गल्लीत सांगत फिरतो की मी काकीला सांभाळतोय म्हणून.

दोन हजार पाच सालची गोष्ट. अक्षय तृतीया झाली की भावकीतली चाळीसभर माणसं गाड्या करून गोमुखाला निघणार हुती. आल्यावर मावंदं घालायचं, म्हणजे यात्रा सुखरूप झाली म्हणून सगळ्यांना जेवण. आन् त्या जेवणाच्या जिवावर नगरसेवकाच्या तिकिटाचं बघायचं, असा गणपाचा बेत. माणसं पुण्य करून येत्यात आन् मग जेवाय घालत्यात. ह्येनं जेवणाचा आचारी आधी ठरवला, पुण्याचं मागनं बघू म्हणाला.

चौकात डिजिटलचा बोर्ड लागला. मागं बर्फाचा डोंगर, पुढं गणपाचं मुंडकं, डोळ्याला काळा चष्मा, गळ्यात चेन. खाली लिवलेलं, ग्लेशियर दर्शनास निघालेल्या आमच्या लाडक्या नेतृत्वास हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छा देणाऱ्यांत पयलं नाव त्येच्याच पोराचं. अजून गाडीत पाय ठेवला न्हाय तवर तीन तालमींनी सत्कार केला, तीन नारळ घरी आले. त्या नारळांची तानाबाईनं वडी केली. तानाबाई म्हणजे गणपाची बायको.

तयारी तर काय इचारू नगा. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय असल्या उन्हात सगळी घरात माकडटोप्या घालून बसायची. तानाबाई स्वेटर घालून भाकऱ्या थापायची, अंगाला सवय लागावी म्हणून. सवय न्हाय लागली, घामोळ्या आल्या. चालायची प्रॅक्टिस म्हणून एका रविवारी समदी जोतिबाला गेली. जीपनं वर गेली, भजी खाल्ली, जीपनं खाली आली, आन् पाय दुखत्यात म्हणून दोन दिवस झोपली. घरात एकादिवसाआड मटण. तिकडं पंधरा दिवस मिळायचं न्हाय म्हणून हितंच खाऊन ठेवत हुती. ही चालली गंगेच्या उगमाला. गंगेनंच कायतरी पाप केलं असणार.

ह्या समद्या धांदलीत एक गोष्ट त्येंच्या ध्यानात आली न्हवती. ती म्हणजे मी.

माझ्या पायाला सूज आली, दोन पावलं टाकली की धाप लागाय लागली. गणपानं मला दवाखान्यात न्हेलं, म्हणजे शेजारणीनं बोंब मारली म्हणून न्हेलं. डाक्टर तपासून म्हणाले, आजींचं हृदय थकलंय, कवा काय हुईल सांगता यायचं न्हाय. तवा कुठं ह्येच्या डोक्यात उजेड पडला. भावकीतलं माणूस गेलं की समद्या भावकीला सुतक. तेरा दिवस देवाच्या पायरीला शिवायचं न्हाय, मग कुठली गंगोत्री आन् कुठलं गोमुख. म्हातारी गचकली तर गाड्या हुब्या ऱ्हाणार, डिजिटल उतरणार, आचारी दुसरीकडं जाणार.

गणपाचा चेहरा असा पडला की डाक्टरला वाटलं, पुतण्याचा लई जीव हाय काकीवर. गणपानं त्येला इचारलं, "अक्षय तृतीयेपर्यंत तर काय हुत न्हाय न्हवं?"

डाक्टरनं बिचाऱ्यानं त्येच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाला, आपण सगळे प्रयत्न करू.

दुसऱ्या दिवसापासनं माझी सेवा सुरू झाली. जन्मात न्हाय आन् कर्मात न्हाय असली सेवा. सफरचंद काय, शहाळं काय. माझ्या खोलीतला पंखा मालक हुते तवापासनं बंद हुता, त्यो एका दुपारत फिराय लागला. तानाबाई सोता गोळ्या द्यायची आन् मी गिळली का थुकली ते तोंड उघडाय लावून बघायची. भावकीतल्या बाया बी येऊन जायच्या. काकी, बरं हाय न्हवं, म्हणायच्या आन् डोळा लागला असला तर नाकापाशी हात धरून बघायच्या. मी मुद्दाम श्वास धरून ठेवायची. त्येंची जी पळापळ व्हायची, त्यात माझी दुपार बरी जायची.

मग एक दिवस सोप्यात बैठक बसली. आण्णा आले हुते. आण्णा म्हणजे भावकीतलं सगळ्यात म्हातारं माणूस. लग्न, बारसं, सुतक, सगळ्याचा कायदा त्येंच्याजवळ, आन् गिऱ्हाईक बघून त्यो बदलतो. मी मागच्या खोलीत झोपलीय असं त्येंना वाटलं. मला पाय हलवाय येत न्हवतं, कान शाबूत हुते.

गणपानं इचारलं, आमी वाटंला लागल्यावर म्हातारी गेली तर काय करायचं. आण्णा म्हणाले, सुतक कळल्यापासनं लागतं, कानावर आलंच न्हाय तर लागंल कसं. झालं, सगळ्यांना रस्ता सापडला. गाड्या सुटल्या की चाळीसच्या चाळीस माणसांनी मोबाईल बंद करायचे, माघारी बावड्यात आल्यावरच चालू करायचे. कोणतरी म्हणालं, आन् जाळायचं कुणी? तर गणपा म्हणतो कसा, आण्णांचे जावई मागं हाईत की, पंचगंगेच्या घाटावर शेणी तर फुकटच असत्यात. सगळी हसली. तानाबाईचं हसणं मला चांगलं येगळं वळखाय आलं.

मला मरणाचं भ्या न्हाय. माझ्या वयाची कोण ऱ्हायलीय आता गल्लीत? पण मी मेलेलं कुणाला कळू नये म्हणून माणसं बसून ठराव करत्यात, ह्ये ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आन् मग मला ती आठवली, जिला मी मेलेलं कळाय पायजे हुतं. माझी संयोगिता.

माझी एकुलती एक लेक. अकरा वर्षांमागं तिनं नागसेनसंगं लग्न केलं. कॉलेजात तिच्यासंगं हुता, बौद्ध घरातला, शांत पोरगा. आता कागलच्या एमआयडीसीत नोकरीला हाय, बिऱ्हाड पेठ वडगावला. लग्न झालं तवा ह्याच गणपानं सांगितलं, ती आमाला मेली. आण्णांनी मान डोलावली. तिनं उंबऱ्यात यायचं न्हाय, मी जायचं न्हाय, चिठ्ठी न्हाय, फोन न्हाय. लेक मेली म्हटल्यावर माझी जमीन कुणाकडं जाती ह्ये गणपाला न शिकवता कळलं हुतं. वडगाव हितनं किती लांब? सकाळी भाजीवाल्या तिकडनं येत्यात आन् दुपारी जेवाय घरी असत्यात. आन् मी अकरा वर्षं माझ्या लेकीचं तोंड बघितलं न्हवतं. तिला मुलगी झालीय, शिवानी नाव ठेवलंय, ह्ये मला त्यातल्याच एका भाजीवालीनं सांगितलं.

मला मरायच्या आधी लेक बघायची हुती. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तानाबाई गोळी घेऊन आली तवा मी तोंडच उघडलं न्हाय. म्हटलं, संयोगिताला आणा. तवर गोळी न्हाय, अन्न न्हाय, पाणी न्हाय. तानाबाई धावत गेली, गणपा धावत आला. आधी वरडला, मग समजूत काढली, मग हात जोडले. आण्णांना बोलवून आणलं. आण्णांनी भावकीच्या इज्जतीचा इषय काढला.

"मग इज्जत धरा," मी म्हटलं, "आन् बर्फ सोडा."

एक दिवस त्येंनी कळ काढली. दुसऱ्या दिवशी माझे डोळे फिरले. खरंच फिरले का मी फिरवले, ते माझं मला ठावं. गणपानं मुकाट्यानं जीप काढली.

वडगावात काय झालं ते मला मागनं संयोगितानं सांगितलं. ह्यो दारात हुबा ऱ्हाऊन बोलाय लागला, तर ती म्हणाली, आमच्यात आलेल्या माणसाला उंबऱ्यावरनं माघारी लावत न्हाईत, आत या, बसा, चहा घ्या, मग बोला. बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसला. चहा आला. ह्यो कपाकडं बघतोय, कप ह्येच्याकडं बघतोय. नागसेन समोर बसलेला. शेवटी एका दमात पिला आन् जीभ भाजून घेतली. ज्या घराचं पाणी चालत न्हाय म्हणून सख्ख्या चुलतबहिणीला जितेपणी मारली, त्या घरचा चहा बर्फापायी चालला. घरी आल्यावर तोंडात तुळशीचं पान टाकलं, तानाबाईनं गोमूत्र शिंपडलं. गोमुखाला चाललेल्या माणसाला गोमूत्राची काय कमी.

गणपानं तिला सांगितलं हुतं, मागनं परड्यातनं ये, गल्ली बघती. ती पुढनं आली. भर दुपारी, त्या डिजिटलच्या खालनं, नवऱ्याला आन् पोरीला घेऊन. बाया दारात येऊन हुब्या. ती कुणाकडं बघत न्हवती, सरळ माझ्या खोलीत आली आन् खाटंवर बसली. गेली तवा दोन येण्या घालणारी पोर हुती, आता कानापाशी केस पांढरे झाल्यात. तिनं माझा सुजलेला पाय मांडीवर घेतला. काय काय बोलायचं मी ठरवलं हुतं, त्यातलं एक बी आठवंना. मी रडले. चांगली गळा काढून रडले, कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.

"आधी गोळी घे," ती म्हणाली.

मी घेतली. शिवानी दाराला धरून हुबी हुती. नाक माझं, कपाळ माझं. मी हात केला तर आली आन् गुडघ्यापाशी बसली.

गणपाचा जीव भांड्यात पडला. आता झालं न्हवं मनासारखं, म्हणाला, आता गोळ्या येळेवर घे. आन् तानाबाईला चहा टाकाय सांगितलं. चहा आला त्यो प्लास्टिकच्या कपात. घरात दोन डझन कपबश्या असताना ते पिऊन टाकायचे कप कुणाला तरी पळवून चौकातनं आणले हुते. संयोगितानं कपाकडं बघितलं आन् खाली ठेवला. नागसेननं बी ठेवला. पोरगी मात्र पीत हुती, तिला कुठलं कळायला.

मला कळलं. मी संयोगिताला म्हटलं, माझी दोन लुगडी त्या ट्रंकेत हाईत, ती घे. मी तुझ्यासंगं येणार. तिनं इचारलं बी न्हाय का म्हणून, उठली आन् ट्रंक उघडली.

आता मात्र गणपाचं तोंड उतरलं. त्येनं आण्णांना सोप्यातनं हाक मारली. भावकी गोळा झाली, माझ्या एवढ्याशा खोलीत अकरा वर्षांत आली नसतील एवढी माणसं.

"काकी, आमी निघायच्या आधीच त्येंच्यात जाऊन मेलीस तर?" गणपा म्हणाला. "तिथं खांदा द्यायला आमाला येता येत न्हाय, आन् सुतक तर चुकत न्हाय. आमी मधल्या मधी लटकणार."

तवा मी उठून बसले. धाप लागत हुती, पण बोलले. "गणपा, संयोगिता गेली त्या दिवशी तू परड्यात चूल पेटवून हंडाभर पाणी तापवलंस. सगळ्या भावकीनं तिच्या नावानं आंघोळ केली. माझ्या डोक्यावर ह्या तानाबाईनं तांब्या वतला. जित्या पोरीचं सुतक तुमी एका आंघोळीत फेडलंसा. आता तर गोमुखाला चाललाय. तिथं ग्लेशियरचं पाणी हाय. माझ्या नावानं बुडी मार आन् मोकळा हो."

मी गणपाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं हुतं, लाजंल. कडंवर घेऊन ह्येला जत्रा दाखवल्याली मी. खाली बघंल, निदान काकी असं बोलू नगं एवढं तरी म्हणंल.

त्यो आण्णांकडं वळला. "आण्णा, चालतंय का तसं?"

आण्णांनी डोळे मिटून जरा इचार केला. "गंगेत केली तर चालतंय," ते म्हणाले.

सगळ्यांनी श्वास सोडला. तानाबाई तर स्वेटरच्या घड्या करायच्या ऱ्हायल्यात म्हणून आत बी गेली. नागसेननं मला हातावर उचललं तवा वाट द्यायला सगळी लगबगीनं बाजूला सरली.