गुरूच्या डोक्यावरचा मुकुट

महादेवपुऱ्यातल्या त्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. कारखान्यांतले सुपरवायझर, नव्या कॉम्प्युटर कंपन्यांत लागलेली पोरं, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, सगळे पुढ्यात पाण्याची बाटली घेऊन बसायचे. बाटलीचं झाकण उघडं ठेवायचं असा नियम होता. पडद्यावर गुरू ग्रह प्रकटला की त्याचं तेज पाण्यात उतरायचं. झाकण बंद असलं तर ते बिचारं उतरणार कुठून?

गुरुतेज महाराज पिवळ्या रेशमात आले, माइकवर टिचकी मारली आणि प्रोजेक्टरवर एक पारदर्शक शीट ठेवली. पडद्यावर काळोखात गुरूचा मंद गोळा उमटला.

"हा अमेरिकेच्या अंतराळ दुर्बिणीने काढलेला गुरू," महाराज म्हणाले. "डोकं बघा, उघडं आहे. आणि आता हा माझ्या अनुष्ठानानंतरचा."

शीट बदलली. गोळ्याच्या माथ्यावर निळं, लखलखीत कडं आलं. सभागृहभर सुस्कारे उमटले.

"तिकडचे शास्त्रज्ञ विचारताहेत, हा मुकुट घातला कोणी? रंग बघा. साक्षात श्रीकृष्णाची फ्रीक्वेन्सी. तेच व्हायब्रेशन तुमच्या पाण्यात उतरतंय. बोट घालून बघा."

पहिल्या रांगेने बोटं घातली. पाणी खरंच कोमट झालं होतं. प्रोजेक्टरच्या पंख्याची गरम हवा थेट त्या बाटल्यांवर येत होती, पण महाराज समोर असताना पंख्याकडे कोण बघतो?

तिसऱ्या रांगेत मथुरा आपल्या थोरल्या भावाशेजारी बसली होती. शहरातल्या एका संशोधन संस्थेत ती ग्रहांवरच्या अंतराळ हवामानाचा अभ्यास करायची. अंतराळ दुर्बिणीने टिपलेली गुरूची चित्रं टेपवर भरून परदेशातून यायची आणि ती साफ करून त्यांतून अर्थ काढायचा, हे तिचं रोजचं काम. त्या निळ्या कड्याशी तिची वर्षानुवर्षांची ओळख होती. महाराजांच्या जन्माआधीपासून ते गुरूच्या डोक्यावर होतं. फक्त निळं नव्हतं. तो ध्रुवप्रकाश अतिनील, माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. छापताना त्याला कुठला तरी रंग द्यावा लागतो, आणि मथुरा निळा द्यायची, कारण संस्थेच्या प्रिंटरमधली लाल शाई सतत संपलेली असायची.

आज ती इथे आली होती रत्नावहिनीच्या फोनमुळे. "मथू, तुझ्या अण्णांनी इन्सुलिन बंद केलंय. नुसतं बाटलीतलं पाणी पितात. पायाच्या जखमेला वास येतोय, मला कळत नाही काय करू."

संताजी अण्णांची बोम्मसंद्र्याला यंत्रांचे सुटे भाग बनवायची छोटी वर्कशॉप होती. माणूस अडाणी नव्हता. मथुरा भांडायला गेली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याच लोकांनी फोटो काढलाय ना? मग तुलाच विश्वास का नाही?"

"अण्णा, स्वल्प ऐक. फोटो खरा असेल. पण ते कडं कायमच असतं."

"मग पहिल्या फोटोत का नाही? तू ये आणि बघ."

आता ती बघत होती. पहिल्या चित्रात गोळ्याच्या खाली, काळ्या भागात, स्वल्पविरामासारखा एक वाकडा पांढरा ठिपका होता. त्याच्या डावीकडे दोन बारके ठिपके. दुसऱ्या चित्रातही तो स्वल्पविराम तिथेच होता. ते बारके दोघेही तिथेच. मथुराने ते पुन्हा मोजले.

"आज आपल्यात एक शास्त्रज्ञ अक्का आल्या आहेत," महाराज गोड हसून म्हणाले. अण्णांनी अभिमानाने आधीच सांगून ठेवलं होतं. "त्यांनी चार शब्द बोलावेत. विज्ञानही आमच्या पायाशीच येतं."

मथुरा उठली. "चार शब्दांपेक्षा एक गोष्ट करून दाखवते. या दोन शीट एकीवर एक ठेवायच्या."

"शंकेची फ्रीक्वेन्सी काळी असते, ताई. पाणी बिघडतं."

पुढे बसलेले निवृत्त मॅनेजर उमाकांत म्हणाले, "सरी, बरं आहे, ठेवू द्या की. बघूया तरी." शंका नव्हती त्यांना, महाराजांचा आणखी एक विजय बघायचा होता.

मथुराने दोन्ही शीट नीट जुळवून प्रोजेक्टरवर ठेवल्या. निळा मुकुट नाहीसा झाला. पहिल्या शीटच्या काळोखाने तो झाकला होता. पण ठिपके तसेच लखलखत राहिले.

"हे ठिपके गुरूवर नाहीत," ती म्हणाली. "अंतराळात फार वेगवान कण फिरत असतात. ते दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर आपटले की असे डाग पडतात. कधी कुठे आपटतील, काही नेम नाही. म्हणून आम्ही लागोपाठ दोन चित्रं घेतो. जो डाग एकातच आहे, तो खोटा म्हणून पुसून टाकतो. ही चित्रं वेगवेगळ्या वेळची असती, तर एकाचे ठिपके दुसऱ्याच्या काळ्या भागाखाली गेले असते. इथे सगळे जागच्या जागी आहेत. कारण हे चित्र एकच आहे. कॉम्प्युटरवर त्याचा उजेड कमी केलाय. मंद कडं बुडालं, हे डाग फार तेजस्वी म्हणून उरले."

महाराज हसले. "ठिपकेही आमच्याच संकल्पाने पडले."

निम्म्या सभेने मान डोलावली. मथुराला वाटलं, संपलं. एवढं डोळ्यांसमोर दाखवूनही.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. अण्णा दुखऱ्या पायावर उभे राहिले होते.

"महाराज, आत्ता ओळखलं, मुकुटवालं चित्र मीच अनुष्ठानाआधी तुमच्या पायावर वाहिलं होतं. माझ्या बहिणीने दिलेलं, डागांमुळे खराब निघालेलं म्हणून. वर्कशॉपच्या खिडकीला लावलं होतं मी. तो स्वल्पविराम मी रोज बघायचो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मुकुट तेव्हाही होता. मग तुमच्या अनुष्ठानाने काय झालं?"

महाराजांनी गुरुराजकडे पाहिलं. गुरुराज त्यांचा शिष्य, मारतहळ्ळीला त्याचं डीटीपीचं दुकान होतं. तो खाली बघत पुटपुटला, "मला आधीचा फोटो बनव म्हणाले. मी स्कॅन करून डार्क केला. मला वाटलं, माहितीपत्रकासाठी असेल."

घोषणा झाल्या नाहीत, कोणी कोणाला मारलं नाही. काही लोक बाटल्यांची झाकणं लावून निघाले. काही मात्र पाणी पिऊनच निघाले. इतका वेळ बसलोच आहोत तर वाया कशाला घालवा. उमाकांत साहेब दारात म्हणाले, "फोटो खोटा असेल, पण पाणी कोमट झालं होतं हो." मथुराने त्यांना हाताला धरून प्रोजेक्टरच्या पंख्यासमोर नेलं. हवा लागताच साहेबांनी हात मागे घेतला आणि ते चप्पल शोधायला गेले.

अण्णांना तिथूनच रिक्षाने दवाखान्यात नेलं. पायाची दोन बोटं काढावी लागली. आणखी थांबला असतात तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. महाराज महादेवपुरा सोडून गेले. सध्या ते होसूरकडे शनीच्या कड्यांचं काम बघतात असं ऐकिवात आहे.

पट्टी बदलून झाल्यावर अण्णांनी एकदा विचारलं, "मथू, एवढी शिकलेली माणसं होती तिथे. मीही होतो. कळलं कसं नाही?"

"अण्णा, आम्हालाही एका चित्रावरून कळत नाही. काही नवीन चमकलं की मलाही आनंद होतो, वाटतं, सापडलं. पण पहिल्यांदा समजायचं की आपली चूक असणार, आणि दुसरं चित्र मागायचं. वेगळं घेतलेलं. त्यातही दिसलं, तर मग पुढचं बोलायचं."

"आणि दुसरं चित्र द्यायला कोणी तयार नसेल तर?"

"तर उठून घरी यायचं," मथुरा म्हणाली, "आणि इन्सुलिन घ्यायचं."

अण्णांनी दंड पुढे केला.