गाडीचं अस्तर

"हे नको. अंगाला टोचेल," शिंपी म्हणाला.

दुकानदार हातातला लोकरी तुकडा तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिला. "मामा, हे गाडीच्या दाराच्या आत बसणार. टोचेल कुणाला?"

शिंपी ओशाळला, पण चिमटीत धरून पोत बघायचं काही त्याने सोडलं नाही. सगळा जन्म कापडात गेलेला. समोर पत्र्याला चिकटवायचं जाड काळं रबर, करडा फोम आणि कांबळ्यासारखा दाट नमदा मांडून ठेवला होता. त्याने तिन्ही चुरगाळून पाहिले, एकाचा तर वासही घेतला. आल्या आल्या 'गाडीला अस्तर लावायचंय' म्हणाला, तेव्हापासून दुकानदाराला हसू आवरत नव्हतं.

"गाडीत गाणी नीट ऐकू यावीत म्हणून करताय का? आमच्याकडे पोरं तेवढ्यासाठीच येतात."

"नाही हो. बायकोला दवाखान्यात न्यावं लागतं. दुखणं हाडात उतरलंय तिचं. या खडखडाटानं डोकं उठतं म्हणते."

दुकानदाराचं हसू मावळलं. त्याने रबराचा तुकडा एका रिकाम्या डब्याला चिकटवून टिचकी मारली. ठणठणणारा डबा नुसता धप्प बोलला. "पत्र्याची थरथर हे थांबवतं. चाकांची घरघर नमदा खातो. पण सगळा आवाज जाणार नाही, आधीच सांगतो."

"जाईल तेवढा घालवा. दारं, तळ, छत, काही सोडू नका."

डॉक्टरांनी हात टेकले होते. औषधाने कळ बोथट व्हायची, तीही थोडा वेळ. शिंप्याच्या हातात आता काही उरलं नव्हतं, हे एवढं काम सोडलं तर. म्हणून फिटर रबर चिकटवत असताना तो सारखा मध्ये लुडबुडत होता.

"त्या कोपऱ्यात चुणी पडलीय बघा."

"मामा, तुम्ही बाहेर बसा बरं!"

गाडी खरंच गप्प झाली. दवाखान्याच्या दिवशी बायको मागच्या सीटवर उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "छान झालीय हो. घरात बसल्यासारखं वाटतंय." तो इतका सुखावला की सिग्नलला उगाचच हसला.

मग उखडलेला रस्ता लागला. पहिल्या खड्ड्याला काहीच वाजलं नाही. फक्त ती कण्हली, बारीक, दातांमागून. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. त्याने वेग कमी केला, तरी पुन्हा. म्हणजे इतके महिने ती मागे अशीच कण्हत होती, आणि गाडीच्या खडखडाटात त्याला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. त्याने आरशात पाहिलं. तिने शालीचं टोक तोंडात धरलं होतं.

"फार दुखतंय का गं?"

"नाही हो. तुम्ही समोर बघा."

आता आपलं सगळं यांना ऐकू जातंय, हे तिलाही कळलं होतं. सावकाश चालवली तरी कळ तीच. थांबवावी तर दवाखाना अजून लांब.

"अहो," जरा वेळाने ती म्हणाली, "काच खाली करता का?"

"धूळ येईल गं."

"येऊ दे."

त्याने आपल्या बाजूची काच खाली केली. मग उरलेल्याही. वारा, ट्रक, हॉर्न, सगळं भसकन आत शिरलं. आरशात तिने तोंडातली शाल काढली. तिचे ओठ उघडले, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याने आरशातून नजर काढून रस्त्यावर ठेवली.