सेव्ह न केलेली बदली

धाकटीने खुर्ची इतक्या जोरात मागे ढकलली की ती भिंतीवर जाऊन आपटली.

फोनवर ताई एका दमात बोलत होती. बदलीचा मेसेज आला होता! तीन वर्षं ती दूरच्या गावातल्या शाळेत शिकवत होती आणि लेक इथे आजीकडे. आता सोमवारपासून इथलीच शाळा.

"बदलीच्याच ऑफिसात बसतेस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस! चोरटी कुठली!"

"ताई, पाच मिनिटांत करते फोन."

बदल्यांचा प्रोग्राम धाकटीच सांभाळायची. सकाळी तिने ताईची नोंद उघडून गावाच्या जागी हे शहर घातलं होतं. उगाच, पडद्यावर कसं दिसतं ते बघायला. सेव्ह? छे! मग एका सरांचा चुकलेला नंबर दुरुस्त केला, तेवढाच सेव्ह केला आणि चहाला गेली. आता पडद्यावर ताई इथली झाली होती, तसा मेसेज तिला आपोआप गेला होता, आणि पाच वर्षं या जागेची वाट बघणाऱ्या बाई यादीत एक घर खाली सरकल्या होत्या.

शेजारच्या टेबलावरचे 'आजोबा' वाकून बघू लागले. वय जेमतेम पंचेचाळीस, पण ऑफिसातलं जुनं सगळं त्यांनाच ठाऊक, म्हणून आजोबा.

"सेव्ह मी सरांचा नंबर केला," धाकटी म्हणाली. "ताईची नोंद मध्येच कुठून आली?"

"एकेक नोंद सेव्ह होते असं तुला वाटतं. हा प्रोग्राम तसं बघतच नाही. तू उघडलेल्या प्रत्येक नोंदीची मूळ प्रत जपून ठेवतो. सेव्ह म्हटलंस की सगळं ताडून बघतो. जे जे बदललेलं दिसेल, ते लिहून मोकळा!"

"पण मला ते करायचं नव्हतं!"

"ते त्याला कसं कळणार? मनकवडा आहे का तो?"

"मी नुसतं बघत होते, आजोबा."

आजोबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"नुसतं बघायचंच होतं, तर यादीत नऊशे नावं होती की."

धाकटीचे कान गरम झाले. कशाचं काय झालं, हे आत्ता कुठे कळत होतं आणि तरी नीटसं कळत नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली, ताईची नोंद पुन्हा उघडली आणि शहर खोडून गाव टाइप केलं.

फोन वाजला. घरचा नंबर.

"मावशी! आई सोमवारी येणार ना? आजी म्हणाली, तूच केलंस!"

धाकटीने फोन खांद्याने कानाशी दाबला.

"आजीला दे फोन, बाळा."

आजी येईपर्यंत किती नोंदी उघड्या आहेत, ते तिने दोनदा मोजलं. एकच होती. तिने सेव्ह दाबलं.