पायाला कोळंबी

जनीबाईच्या घोट्याला बर्फाच्या पेटीचा पत्रा लागला होता. साधंच खरचटलं होतं, पण अंगात साखर, त्यामुळे जखम भरेना. सून निशा तिला चेंदणी कोळीवाड्यातून रिक्षाने माजिवड्याच्या दवाखान्यात न्यायची, पट्टी बदलून आणायची. शेवटी डॉक्टर मैथिली म्हणाल्या, "मावशी, आता वेगळं काहीतरी लावू या."

त्यांनी पाकिटातून जेलीसारखी मऊ, ओली चकती काढली. "यात औषध कोंडलंय. जखमेतलं पाणी पिऊन ही फुगते आणि औषध थोडं थोडं सोडते. चार-पाच दिवस उघडायला नको."

"एकदम का नाय सोडत? लवकर बरी होईन ना मी!"

"एकदम सोडलं तर पहिल्याच दिवशी संपेल. मग पुढचे दिवस जखमेला काय?"

हे जनीबाईला पटलं. तेवढ्यात निशाने विचारलं, "मॅडम, ही बनवतात कशाची?"

"कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात."

जनीबाईने पाय झटकन मागे घेतला. "नको बाय! मना कोळंबी चालत नाय."

जन्म कोळंबी विकण्यात गेला होता. पण एका नारळी पुनवेनंतर कोळंबीचं कालवण खाल्लं आणि तिचे ओठ सुजले, श्वास कोंडला, थेट इस्पितळात न्यावं लागलं. तेव्हापासून घरात कालवण शिजलं की तिच्या ताटात डाळभात.

डॉक्टरांचा हात थांबला. "सोलताना काही होतं का?"

"सोलताना काय होनार? रोज टोपलीभर सोलते. खाल्ली का झालंच."

मैथिलींनी आपल्या सरांना फोन लावला. बराच वेळ बोलून त्या परत आल्या. "बाधतं ते बहुतेक आतल्या मांसाने. कवच तर धुऊन, साफ करून घेतलेलं असतं. पण ज्यांना कोळंबी बाधते त्यांनी जपून वापरावी, असंही पाकिटावर लिहिलंय."

"म्हणजे लावायची का नाय?"

"तेच मलाही कळत नाहीये, मावशी."

डॉक्टरलाच कळत नाही म्हटल्यावर जनीबाई आणखीच गोंधळली. अखेर बाधते का ते पाहायला चकतीचा छोटा तुकडा तिच्या दंडावर ठेवून वर चिकटपट्टी लावली. दवाखान्यातच बराच वेळ बसवून ठेवलं, काही झालं नाही. "श्वासाला त्रास झाला, तोंड सुजलं तर तडक मोठ्या इस्पितळात जा. नाहीतर परवा या," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दंड खाजायला लागला. मुलगा केतन ओरडला, "काढून टाक ते आधी!" निशाने डॉक्टरांना फोन केला. ओठ? ठीक. श्वास? ठीक. "मग आत्ता काढू नका, सकाळीच या." जनीबाई एकदा मुलाकडे बघे, एकदा सुनेकडे. कोणाचं ऐकावं? हात मात्र खाजतच होता.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोलून काढली. कातडीवर लालभडक चौकट उमटली होती, पुरळासकट. निशा म्हणाली, "बघा, आलं ना अंगावर!"

डॉक्टरांनी दंड दिव्याखाली धरला, पुन्हा पुन्हा वळवून पाहिला. मग एकदम हसल्या. "अहो, जिथे जेल होतं तिथे काहीच नाही. मधला भाग साफ आहे. लाल झालंय ते फक्त कडेने. तुम्हाला चिकटपट्टी बाधली!"

"चिकटपट्टी?" जनीबाई बघतच राहिली. "मी तिचं काय वाकडं केलं?"

आधी नेहमी कापडी पट्टीच गुंडाळायचे, म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. आता चकती घोट्यावर ठेवून वर कापडच गुंडाळलं आणि तिला पुन्हा बाकावर बसवून ठेवलं. ओठ नीट, श्वास नीट.

पाच दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा चकती फुगून पांढुरकी झाली होती. जनीबाईने भीतीने तोंड फिरवलं, पण खाली जखम स्वच्छ, गुलाबी होती. अशा काही चकत्यांनंतर कडा जवळ आल्या आणि घोट्यावर नवी, पातळ कातडी धरली.

"म्हणजे कोळंबी मना सोसते," जनीबाई खुशीत म्हणाली. "आता खाऊ का?"

"अजिबात नाही!" डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. "एक घाससुद्धा नाही!"

बाहेर येऊन निशाने रिक्षाला हात केला. जनीबाई पायरीवरच उभी होती.

"निशा, पायाला चालते, पोटाला नाय. तुला काय कळलं का ग?"

"खायची नाय, एवढं कळलं, आई. चला, बसा."