ब्रदर लायलचा न तुटणारा फोन

"तुटला का? नाही तुटला!" व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन उंच धरून धर्मोपदेशक ब्रदर लायल सभागृहातून अंगणात आणि अंगणातून कोठारात गेला, तरी पडद्यावर दवाखान्यातली एक भक्त म्हातारी हसतच होती. मागून लोकांचा लोंढा "हालेलूया" ओरडत चालला होता. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती. होतं ते फक्त ब्रदरचं वायफाय. इतर कुणी बोलत बोलत दार ओलांडलं की बोलणं तुटायचं.

"माझी तार स्वर्गाने धरलीय! तुमची तुमच्याच संशयाने तोडलीय. औषध घेणं हाही संशयच!"

आर्डिथ केसलरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिची बहीण व्हर्ना याच्याच नादाने इन्सुलिन सोडून बसली होती. आताही ती सभागृहात भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, सारखं पाणी मागत.

"ऊठ, दवाखान्यात चल."

"कशी येऊ, ताई? माझा फोन रोज तुटतो. खोट माझ्यातच आहे गं."

आर्डिथ तडक ब्रदरसमोर उभी राहिली. "तुमच्यावर माझा काडीइतका विश्वास नाही. द्या तो फोन, माझ्या हातात तुटतो का बघू."

"पवित्र वस्तू आहे ती!"

"दे की रे तिला," पडद्यावरची म्हातारी म्हणाली. लोक हसले. नाइलाजाने त्याने फोन दिला.

आर्डिथ कोठारापर्यंत जाऊन आली. फोन तुटला नाही. मग व्हर्नाच्या फोनवरून तिने शाळेत फोन लावला आणि तो ब्रदरच्या हातात कोंबला. "आता तुम्ही चाला."

दारातच बोलणं तुटलं.

"सैतान..." ब्रदर पुटपुटला.

"सैतान कसला? वायफायचे डबे आहेत तीन, सभागृहात, अंगणात, कोठारात! चालताना फोन एक डबा सोडून दुसरा धरतो. पुढच्या डब्याला फोनची ओळख आधीच कळली आणि पत्ता तोच राहिला, तर बोलणं चालू राहतं. यांनी स्वतःसाठी तसं नेटवर्क ठेवलंय. त्याचं नाव यांच्या फोनवर आत्ता वाचलं मी. तुम्हाला दिलंय दुसरंच, व्हर्नाच्या फोनवर दिसतं ते. तिथे प्रत्येक डबा परका, ओळख नवी, पत्ता नवा. मुद्दाम तोडतात तुमचे फोन, आणि वर पापी तुम्हालाच ठरवतात!"

व्हर्ना भिंत धरून उठली. "माझ्यात खोट नव्हती?" ती ब्रदरला म्हणाली. मग ती आर्डिथकडे वळली. "ताई, गाडी काढ."

व्हर्ना वाचली, पण आठवडाभर दवाखान्यात होती. चमत्कार बघून रडण्याआधी एकदा तरी म्हणा, तो फोन माझ्या हातात द्या. जो देणार नाही, त्याच्या शब्दावर औषध सोडू नका.